रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची ही स्मरणिका निघत आहे. तथागतांवर, बाबासाहेबांवर, माता रमाईंवर लिहिणारे जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत. संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा आम्ही मुद्दाम असा माणूस निवडला की ज्याचा फोटो आपल्या विहारात नाही, त्याची जयंती आपण करीत नाही, आणि तरीही दर रविवारी सकाळी आपण पांढरी वस्त्रे घालून वंदनेला बसतो ते त्याच्या कष्टाच्या फळावर बसतो. हा माणूस म्हणजे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ सालचा, मृत्यू १८९७ सालचा. ते गेले तेव्हा आपले बाबासाहेब पुरते सहा वर्षांचेही नव्हते.

घरातल्या पोरांना विचारा, रविवारची सुट्टी कोणी दिली? पोरं सांगतील, इंग्रजांनी दिली. कॅलेंडरात तो आकडा लाल असतो, शाळा बंद असते, मटणाच्या दुकानापुढे रांग असते, म्हणजे ती सुट्टी जगाच्या सुरुवातीपासूनच आहे असे वाटते. इंग्रजांनी रविवार पाळला हे खरं. पण तो त्यांनी आपल्या कचेऱ्यांपुरता पाळला. साहेब चर्चला जायचा म्हणून हापिसातला कारकून घरी बसायचा. गिरणीतल्या माणसाला त्याचं काही नव्हतं. गिरणीचा मालक देशी होता, मजूरही देशी होता, आणि दोघांच्या मध्ये भोंगा होता.

त्या काळची गिरणी कशी होती ते थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर लोखंड्यांनी काय केलं ते कळायचं नाही. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या बाजूला चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. कोकणातून, साताऱ्याहून, पुणे जिल्ह्यातून माणसं आली. शेतीवर कर्ज, गावात काम नाही, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत गावकीचा जाच वेगळा. गिरणीत दिवे नव्हते, त्यामुळे कामाचा दिवस म्हणजे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. हिवाळ्यात अकरा-बारा तास आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. उन्हाळा मोठा म्हणून पगार मोठा, असं मात्र नव्हतं. दुपारी जेवायला ठरलेली सुट्टी नाही. यंत्र चालू असतानाच एकाने दुसऱ्याचं बघायचं आणि कोपऱ्यात बसून भाकरी गिळायची. भाकरीवर कापसाची पिंजर बसलेली असायची. सणावाराला गिरणी बंद राही, पण आठवड्याची म्हणून सुट्टी नाही. रविवारी कुठे यंत्र थांबलंच, तर ते साफ करायला त्याच माणसाला बोलावत, त्यात अर्धा दिवस जाई. महिन्याचा पगार पुढचा महिना सरत आला तरी हातात पडत नसे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. भरती जॉबरच्या हातात, त्यामुळे त्याचाही वाटा काढून ठेवावा लागे. आणि या सगळ्यात सात-आठ वर्षांची पोरं होती.

लोखंड्यांचं घराणं मूळ पुणे जिल्ह्यातलं, माळी समाजाचं. वडील पोटासाठी ठाण्याला आले. नारायण ठाण्यात वाढले, तिथेच इंग्रजी शाळेत शिकले. पुढे कॉलेज वगैरे काही झालं नाही, घरची ऐपत नव्हती. सुरुवातीला रेल्वेत, टपाल खात्यात नोकरी केली आणि मग एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. स्टोअरकीपर म्हणजे मालकाच्या खुर्चीजवळ बसणारा माणूस. साच्यावर उभा राहणारा नव्हे. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण या माणसाला स्वतःला चौदा तास उभं राहावं लागत नव्हतं. हिशेबाची वही, कापडावर कोरा सदरा, डोक्यावर पागोटं, असं आयुष्य निवांत काढता आलं असतं. गिरणीतले असे शिकलेले बाबू आम्ही आमच्या उमेदीत पाहिले आहेत. खात्यातून जाताना नाकाला रुमाल लावून जायचे. लोखंड्यांनी रुमाल लावला नाही, डोळे उघडे ठेवले. स्टोअरमध्ये बसणाऱ्याला गिरणीचं आतलं सगळं कळतं. किती माल आला, किती गेला, कोणाचा हात पट्ट्यात सापडला आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी कोण उभा राहिला.

डोळे उघडे ठेवायला त्यांना शिकवलं ते जोतीराव फुल्यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी लोखंडे त्यात आले. फुले म्हणजे बाबासाहेबांनी मानलेल्या तीन गुरूंपैकी एक, हे आपल्याला सांगायला नको. सत्यशोधकांचा निर्मिक होता. आपण बौद्ध, आपण निर्मिक मानीत नाही. पण त्यांच्या शिकवणीचं खरं बळ निर्मिकात नव्हतं. माणूस आणि त्याच्या हक्काच्या गोष्टी यांच्यामध्ये दलाल नको, हे ते बळ होतं. लग्नात भट नको, व्यवहारात सावकाराचं खोटं खातं नको. आमच्या मते लोखंड्यांनी हाच विचार गिरणीच्या फाटकातून आत नेला. माणसाचे तास हे त्याचे स्वतःचे आहेत, ते तो विकतो, पण सगळेच्या सगळे विकायला तो गुलाम नाही. हा विचार आज साधा वाटतो. १८८० साली मुंबईत तो कोणीच बोलत नव्हतं.

बोलायला कागद लागतो. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ पासून 'दीनबंधु' हे पत्र सुरू केलं होतं. बहुजनांचं, शेतकऱ्यांचं असं हे पत्र पैशावाचून बंद पडलं. लोखंड्यांनी ते मुंबईला आणलं आणि १८८० च्या मे महिन्यापासून चालवायला घेतलं. वर्तमानपत्र चालवणं म्हणजे काय ते ज्यांनी साधी स्मरणिका काढली आहे त्यांना विचारा. जाहिरातीला फिरा, वर्गणीला फिरा, छापखान्याचं बिल थकवा, पुन्हा फिरा. लोखंड्यांनी हे मरेपर्यंत सतरा वर्षं केलं.

याच पत्रावरून त्यांचं आणि जोतीरावांचं एकदा वाजलंही. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधु'ने छापले आणि पुढचे छापायचे थांबवले. सरकारवर आणि भटशाहीवर इतका कडक मजकूर छापला तर पत्रच बंद पडेल, ही भीती त्यामागे असावी. जोतीराव चिडले आणि आपल्यातल्या भित्र्या छापखानेवाल्यांना त्यांनी शब्दांचा मार दिला. आम्हाला विचाराल तर इथे जोतीराव बरोबर होते. पण पत्र जगवायची काळजी ज्याच्या डोक्यावर असते त्याची अडचण आम्हाला समजते. महत्त्वाचं म्हणजे एवढं होऊनही दोघांचं काम तुटलं नाही. जोतीराव मुंबईला येत, लोखंड्यांबरोबर गिरणी कामगारांच्या वस्तीत सभा घेत. आजकाल आपल्यात एका बॅनरवर फोटो लहान आला म्हणून दोन मंडळं होतात.

आता कायद्याची गोष्ट. पारशी समाजातले सोराबजी शापुरजी बंगाली हे भले गृहस्थ १८७८ पासून गिरणीतल्या बायका-पोरांसाठी कायदा व्हावा म्हणून धडपडत होते. मालकांचा कडाडून विरोध होता. बहुतेक देशी वर्तमानपत्रेही विरोधातच होती. त्यांचं म्हणणं असं की हा कायदा विलायतेतल्या मँचेस्टर-लँकेशायरच्या कापडवाल्यांना हवा आहे, मुंबईचं कापड महाग पडावं म्हणून. यात खोटं काही नव्हतं. लँकेशायरवाल्यांना आपल्या मजुरांचा कळवळा आला नव्हता, त्यांना आपल्या धंद्याची काळजी होती. पण देशी धंदा वाचवायचा म्हणून सात वर्षांच्या पोरानं बारा तास बाबिनी उचलायच्या, हा कुठला देशाभिमान? 'दीनबंधु' या गर्दीत कामगाराच्या बाजूने उभा राहिला. कायदा कोणाच्याही मतलबातून येवो, त्यात मजुराचं भलं असेल तर तो हवा, ही त्यांची भूमिका. पुढे बाबासाहेबांनाही इंग्रजांशी बोलताना याच आरोपाला तोंड द्यावं लागलं, हे आपल्या ध्यानात येईल.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या यंत्राच्या कारखान्याला तो लागू. सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या पोराला नऊ तासांच्या वर राबवायचं नाही, आणि त्याला महिन्याला चार सुट्ट्या. बस. मोठ्या माणसांना काही नाही, बायकांना काही नाही.

म्हणून १८८४ साली मुंबई सरकारने पुन्हा एक कमिशन नेमलं तेव्हा लोखंड्यांनी ठरवलं की या वेळी मालक आणि साहेब यांच्यात बोलणी होऊन भागायचं नाही, खुद्द कामगारानं बोललं पाहिजे. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली, तीन दिवसांनी पुन्हा भरली. त्यात मागण्या ठरल्या आणि साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. अंगठा उठवणारे त्यात किती असतील याचा विचार करा. जॉबरला कळलं तर दुसऱ्या दिवशी फाटक बंद. तरी साडेपाच हजार.

मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळला की बंद व्हावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय. यात पगारवाढीची मागणी नाही हे आम्हाला फार बोलकं वाटतं. भूक नव्हती असं नाही. पण आधी त्यांनी वेळ मागितली, देह शाबूत मागितला.

या मागण्या पुऱ्या व्हायला किती वर्षं लागली ते पाहा. अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला १९२३ साली, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी. पगार ठरल्या तारखेला देण्याचा कायदा झाला १९३६ साली, म्हणजे बावन्न वर्षांनी. मोठ्या पुरुषाच्या कामाच्या तासांना पहिल्यांदा कायद्याने लगाम बसला १९११ साली, तोही बारा तासांचा. सुपारीबागेत सही केलेले बहुतेक जण हे बघायला उरले नसतील.

त्याच सुमारास लोखंड्यांच्या अध्यक्षतेखाली 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी राहिली. हिंदुस्थानातली ही पहिली कामगार संघटना म्हणून ओळखतात. काही विद्वान यावर बोट ठेवतात. सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, घटना-नियम नव्हते, मग ही युनियन कशी, असं त्यांचं म्हणणं. कलकत्त्याकडे शशिपद बॅनर्जींनी १८७० सालीच मजुरांसाठी काम सुरू केलं होतं, तेही खरं. पण आम्ही गिरणीत जन्म घातलेली माणसं. पावती पुस्तक छापलेल्या, ऑडिट झालेल्या, तीन-तीन कपाटं भरून फायली असलेल्या युनियन आम्ही पाहिल्या आहेत, आणि फाटकावर वेळ आली तेव्हा त्यांचा पुढारी कुठल्या दाराने निघून जातो तेही पाहिलं आहे. नोंदवहीवरून युनियन ओळखायची नसते.

कमिशनने अहवाल दिला आणि तो पडून राहिला. लोखंडे पाच-सहा वर्षं सभा घेत राहिले, अर्ज लिहीत राहिले. शेवटी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार गिरणी कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बाया उठून बोलल्या. त्यांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत. १८९० साली, दहा हजार पुरुषांसमोर, अंगावर गिरणीचा कापूस असलेल्या दोन बाया उभ्या राहून आपलं म्हणणं मांडतात, याची किंमत काय आहे हे सावित्रीमाईंच्या लेकींना वेगळं सांगायला नको. तारीख लावून पाहिली तर तो गुरुवार येतो. रविवार मागायला माणसं गुरुवारी जमली होती.

आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालक संघाने दर रविवारी सुट्टी देण्याचं मान्य केलं.

एवढ्याच ओळीची ती बातमी. पण तिच्याने काय झालं? महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्याच्या आठवड्याला पहिल्यांदा आकार आला. सहा दिवस पोटाचे आणि एक दिवस आपला. घाटावरच्या माणसाला रविवार म्हणजे खंडोबाचा वार, त्यामुळे हा वार त्याला परका वाटला नाही. आपण खंडोबा सोडला, वार तेवढा ठेवला! पुढच्या साली, १८९१ मध्ये, नवा फॅक्टरी कायदा झाला. त्याच्या आधी सरकारने नेमलेल्या कमिशनवर मुंबईच्या कामगारांतर्फे लोखंड्यांना घेतलं होतं. त्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सगळ्यांनाच दिली. बायकांना अकरा तासांची मर्यादा आली आणि नऊ वर्षांखालच्या पोरांना काम बंद झालं. मुंबईत जे मिळालं ते साऱ्या हिंदुस्थानच्या कारखान्यांत गेलं. जोतीराव हा रविवार जेमतेम साडेपाच महिने पाहू शकले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

त्याच १८९० सालचं लोखंड्यांचं आणखी एक काम आहे, ते थोडक्यात सांगतो. तेव्हा नवरा मेला की ब्राह्मणाच्या बाईचं डोकं भादरत. ते भादरायला न्हावी लागे. लोखंड्यांनी मुंबईतल्या नाभिक बांधवांना एकत्र केलं आणि शेकडो जणांनी शपथ घेतली की विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. मजुरी बुडाली तरी चालेल, पण हे काम करणार नाही. कामाला नाही म्हणण्याचं हे हत्यार गिरणीबाहेरही चालतं, हे त्यांनी दाखवलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना थोडं जड जातं, पण विहाराच्या स्मरणिकेत ते आलं नाही तर कुठे येणार? लोखंड्यांच्या पाच मागण्यांत एक मागणी नव्हती. गिरणीतलं साचेखातं आपल्या लोकांना बंद होतं. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आम्ही ओठाला लावणार नाही, असं सवर्ण कामगाराचं म्हणणं. साच्यावर पगार जास्त. म्हणून आपली माणसं रिंगखात्यात, झाडूकामात, कमी पगारावर. भोंगा सगळ्यांना एक, लाल बावटा पुढे सगळ्यांना एक, पण धोटा एक नव्हता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, तेव्हा कुठे तो मागणीपत्रात आला, आणि तोही नाइलाजाने. आमचे आजोबा रिंगखात्यातून रिटायर झाले. साचेखात्यात ते कधी उभे राहिले नाहीत. आम्ही नव्वद सालाच्या आसपास कामाला लागलो ते साचेखात्यात. धोटा तोंडाने ओढायचे दिवस तोवर सरले होते.

मग लोखंड्यांचं ऋण आपण का मानायचं, असं एखादा तरुण विचारील. त्याला आम्ही एक काम सांगतो. जुन्या तारखांना वार लावून बघ. महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं ती तारीख २० मार्च १९२७, वार रविवार. तिथेच मनुस्मृती जाळली २५ डिसेंबर १९२७ ला, वार रविवार. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला, वार रविवार. येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा झाली १३ ऑक्टोबर १९३५ ला, वार रविवार. आणि नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण बुद्धाला शरण गेलो तोही रविवारच. नागपूरचा दिवस विजयादशमी म्हणून धरला होता हे आम्हाला माहीत आहे, पण बाकीचे? बाबासाहेबांचा सैनिक कोण होता? गिरणीतला, गोदीतला, रेल्वेतला, म्युनिसिपालटीतला माणूस. तो सुट्टीच्या दिवशीच येऊ शकत होता. शनिवारी रात्री पाळी सुटली की भाकरी बांधून गाडी धरायची. खाडा झाला तर जॉबर जागा दुसऱ्याला देई. एका माळी समाजाच्या सत्यशोधकाने मिळवलेला दिवस आपल्या बापजाद्यांनी सिनेमा बघण्यात घालवला नाही.

तासांचा उरलेला हिशेब बाबासाहेबांनीच केला. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत कायदा बदलण्याचं ठरलं आणि १९४६ साली कारखान्यातल्या कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. सुपारीबागेतला सूर्य मावळेपर्यंतचा दिवस कुठे आणि हा आठवडा कुठे.

आता आपल्याच गल्लीत बघा. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून मेल्या. आमची गिरणी कशीबशी तग धरून होती, ती २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच. आज आपली पोरं टॉवरच्या गेटवर बारा-बारा तास सिक्युरिटीची ड्युटी करतात. कोणी पाठीला पेटी लावून मोटरसायकलवर लोकांचं जेवण पोचवतं, आणि त्याला रविवारीच जास्त ऑर्डर असतात. आठवड्याची सुट्टी घेतली तर पैसे कापतात. हाजरी मोबाइल घेतो, त्याच्याशी भांडायला जॉबरसुद्धा नाही. विहारात रविवारी बाया आणि म्हातारी माणसंच का दिसतात, अशी तक्रार आपल्या मीटिंगमध्ये दरवेळी होते. तरुणांना धम्माची ओढ राहिली नाही असं काहीजण म्हणतात. आमचं म्हणणं, आधी त्याचा ड्युटीचा चार्ट बघा.

लोखंड्यांच्या अखेरच्या वर्षांकडे वळू. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरणी कामगारही त्यात ओढले गेले. ज्यांनी सुपारीबागेत शेजारी शेजारी अंगठे उठवले तेच एकमेकांच्या अंगावर धावले. लोखंडे वस्त्यांतून फिरले, समजूत घातली आणि राणीच्या बागेत दोन्ही समाजांची एकोप्याची सभा भरवली. त्याच सुमारास दुसरीकडे वेगळ्या प्रकारचे मेळे भरू लागले होते, त्याबद्दल इथे लिहीत नाही. या कामाबद्दल सरकारने पुढे त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. जस्टिस ऑफ द पीसही केलं. इंग्रजांची पदवी घेतली म्हणून पुढच्या काळात काही लाल बावटेवाल्यांनी त्यांना हिशेबातच धरलं नाही. पदवीने माणूस बदलला की नाही ते तीन-चार वर्षांतच दिसून आलं.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग फुटला. उंदीर मेले, मग माणसं. गोदामांच्या आणि चाळींच्या त्या दाट वस्तीतून तो गिरणगावात शिरला. लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली, गिरण्या अर्ध्या रिकाम्या झाल्या. रावबहादूर मंडळींना तर पळून जायला घोडागाडी होती, गावाकडे वाडे होते. लोखंडे राहिले. सरकारी इस्पितळाच्या धसक्याने लोक आजारी माणूस लपवून ठेवीत. म्हणून आपल्या लोकांना आपलं वाटेल असं मराठा हॉस्पिटल त्यांनी काढलं आणि स्वतः रोग्यांत वावरू लागले. व्हायचं तेच झालं. प्लेगने त्यांना गाठलं आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. आम्ही आज त्यांच्याहून मोठे आहोत.

बरोबर एका महिन्याने, १० मार्च १८९७ ला, पुण्यात सावित्रीमाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. सत्यशोधकांची दोन माणसं, एकाच कामात, एकाच साथीत.

त्यानंतर कितीतरी वर्षं लोखंड्यांचं नाव कोणी घेत नव्हतं. ३ मे २००५ रोजी भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपालाचं तिकीट काढलं. पागोटं, मिशा, करारी नजर. तरुणपणी टपाल खात्यात काम केलेल्या माणसाचं ते तिकीट. त्यातलं एक आम्ही जपून ठेवलं होतं, ते फ्रेम करून आपल्या विहाराच्या वाचनालयाला देत आहोत. कोणाला बघायचं असेल त्यांनी रविवारी वंदना झाल्यावर यावं, वाचनालय दुपारी एकपर्यंत उघडं असतं. ज्यांना रविवारी ड्युटी आहे त्यांनी आधी निरोप द्यावा, चावी आमच्याकडेच असते.